म्हाताऱ्या ॲक्सोलॉटलने खाणं सोडलं तर: कोकणातल्या पाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ॲक्सोलॉटल (आयुष्यभर पाण्यातच राहणारा, डोक्यामागे झुपकेदार कल्ले असलेला उभयचर) पाळणारी घरं आता तुरळक राहिलेली नाहीत. पिल्लू असताना हौसेने आणलेले हे प्राणी वयस्क झालेत आणि फोन येतात ते बहुतेक एकाच तक्रारीसाठी: खात नाही. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "वय झालं असेल ना?"

असेलही. पण 'वय झालं' हे कारण सगळ्यात शेवटी लावायचं असतं. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला शोचिमिल्कोचे तलाव आणि कालवे आहेत, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून जास्त उंचीवर. तिथल्या गार पाण्यातला हा प्राणी आपण समुद्राच्या काठावर आणून ठेवला आहे. तेव्हा आधी पाणी बघायचं, मग खाऊ, मग त्याचं तोंड आणि पोट. या सगळ्यांत काही सापडलं नाही तरच वयाकडे बोट दाखवायचं.

आमचो ॲक्सो दोन आठवडे काय खाणा नाय. मरतलो काय?

लगेच नाही. निरोगी, अंगाने भरलेला प्रौढ ॲक्सोलॉटल गार पाण्यात दोन आठवडे उपाशी राहिला तरी तगतो. म्हाताऱ्याच्या अंगात तेवढी शिल्लक नसते, म्हणून त्याच्या बाबतीत दोन आठवडे थांबायचं नाही. आजच टाकीत थर्मामीटर घाला, टेस्ट किटने पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून होणारी विषं) तपासा, आणि त्याला वरून नीट बघा. पोटाची रुंदी डोक्याच्या रुंदीइतकी असली पाहिजे. पोट डोक्यापेक्षा अरुंद दिसायला लागलं आणि शेपटीच्या बुडाशी हाड जाणवायला लागलं, तर उपास अंगावर आला असं समजा.

कल्ले पांढरे पडलेत, अंगावर कापसासारखी बुरशी आहे, पोट ढोलासारखं ताणलंय, त्वचा सोलतेय किंवा तो पाण्यात उलटा होतोय, यातलं काहीही दिसलं तर हे पान वाचत बसू नका, डॉक्टरला फोन लावा.

म्हातारा म्हणायचा तरी कधीपासून?

पाळलेला ॲक्सोलॉटल साधारण १० ते १५ वर्षं जगतो, काही त्याहून जास्त. वर्षभरात तो वयात येतो. मी आठव्या वर्षापासून त्याला वयस्क धरतो. पण ज्याने चार-पाच कोकणी उन्हाळे चिलरशिवाय (टाकीचं पाणी गार करणाऱ्या यंत्राशिवाय) काढलेत, त्याचं पाचव्या वर्षीच सगळं मंदावलेलं दिसतं. तेव्हा वर्षं मोजण्यापेक्षा त्याने काय सोसलंय ते बघा.

या वयात खायला किती घालायचं?

तरुण प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा पोटभर. म्हाताऱ्याला एकदा-दोनदा पुरतं, आणि एका वेळी आधीपेक्षा कमी. बरेच जण इथेच घाबरतात. दोन गांडुळं खाणारा एकावर आला म्हणजे आजारी पडला असं नव्हे. वजन स्थिर असेल तर त्याचं बरोबर चाललंय.

वजन बघायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात टाकीतलंच पाणी भरा, डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि मग प्राणी आत सोडा. जाळीने पकडू नका, कल्ल्यांचे तंतू जाळीत अडकतात. दुसरा डबा टाकीत बुडवून त्यात त्याला हळूच शिरू द्या, त्यातलं जवळजवळ सगळं पाणी ओघळू द्या, नाहीतर तेही वजनात धरलं जाईल, आणि मग त्याला वजनाच्या डब्यात ओता. महिन्यातून एकदा वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. दहा टक्क्यांवर घट दिसली की खरी काळजी सुरू. डॉक्टरकडे जाल तेव्हाही तुमच्या शंभर शब्दांपेक्षा ते कॅलेंडर जास्त कामाला येतं.

एप्रिल-मे मध्ये अजिबात तोंड लावत नाही. पावसाळा आला की आपोआप सुरू करतो. मग हे चालायचंच का?

नाही चालायचं. तरुणपणी त्याने ते सोसलं, आता सोसवणार नाही.

त्याला हवं १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी. २० पर्यंत ठीक. २२-२३ च्या पुढे त्याचा जीव ताणाखाली येतो. आपल्याकडे मे महिन्यात घरातली टाकी काहीही केलं नाही तर २९-३० अंशांवर जाते. त्या पाण्यात एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. त्याच्या शरीराची भट्टी जोरात चालते, म्हणजे त्याला प्राणवायू जास्त लागतो. पण १८ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच. शिवाय पोटात गेलेलं अन्न पचायच्या आत कुजायला लागतं. अशा वेळी न खाण्यात त्याचं शहाणपण आहे. तुम्ही आग्रहाने भरवलंत तर पोट फुगून तो वर तरंगणार.

पंखा लावून भागेल का? पुण्यातला मित्र पंख्यावरच ठेवतो.

पुण्याची हवा एप्रिलमध्ये कोरडी असते. पंख्याने पाण्याची वाफ होते आणि टाकी तीन-चार अंश उतरते. आपल्याकडे अंगावरचा घाम वाळत नाही, तर टाकीतलं पाणी कुठून वाळणार? हवेत ओल इतकी असते की कितीही वारा घातला तरी मे महिन्यात किनाऱ्यावर पाणी साधारण २६ अंशांच्या खाली जात नाही. डिसेंबर-जानेवारीत पंखा थोडा उपयोगी पडतो, बाकी वर्षभर विजेचं बिल वाढवतो.

किनाऱ्यावर वयस्क ॲक्सोलॉटल ठेवायचा तर चिलर हवाच. हे महाग आहे, आणि पिल्लू विकणारा दुकानदार ते कधी सांगत नाही. चिलर बंद कपाटात ठेवू नका. तो टाकीतली उष्णता उचलून खोलीत टाकतो, ती बाहेर जायला वाट हवी.

चिलर येईपर्यंत बर्फाच्या बाटल्या. हिशोब सोपा आहे: १०० लिटरच्या टाकीत गोठवलेली एक लिटरची बाटली पूर्ण वितळली की पाणी साधारण एक अंश उतरतं. म्हणजे २८ वरून १८ वर यायला दहा बाटल्या, आणि खोलीची उष्णता परत शिरत राहते ती वेगळीच. मोठ्या टाकीशी झुंजण्यापेक्षा आजारी म्हाताऱ्याला पंधरा लिटर पाण्याच्या टबात काढा आणि टब थर्माकोलच्या डब्यात बसवा. मासळीसाठी मिळतात तसले डबे उत्तम, फक्त नवे घ्या. अर्धा लिटरची एक बाटली तिथे तीन अंश खाली आणते. एकदम गार करू नका, दिवसाला तीन अंश पुरे. टबाला फिल्टर नसतो, म्हणून पाणी रोज पूर्ण बदलायचं, आणि नवं पाणी आधीच त्याच तापमानाला आणून ठेवायचं. बंदरावरच्या कारखान्यातला बर्फ सुटा पाण्यात टाकू नका. तो कुठल्या पाण्याचा आहे हे कारखान्यालाच ठाऊक.

लाईट गेली तर?

खायला घालू नका. फिल्टर बंद असताना खाऊ घालणं म्हणजे पाण्यात अमोनिया ओतणं. चार-पाच दिवस उपास पडला तरी बिघडत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर चिलर बहुधा ओढत नाही, पण बॅटरीवरचा हवेचा पंप रात्रभर चालतो, तो घेऊन ठेवा. फ्रीझरमध्ये पावसाच्या तोंडावर चार बाटल्या कायम असू द्यात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेवढं झालं तर बाटल्यांनीही भागणार नाही. घाटावरच्या एखाद्या नातेवाईकाकडे त्याची सोय होईल का, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं.

आमच्या विहिरीचं पाणी काचेसारखं आहे. टाकी पाच वर्षं उत्तम चालली. मग आताच काय झालं?

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी दिसायला सुंदर, पण मऊ असतं. त्यात क्षार फार कमी. टाकीतल्या घाणीमुळे पाणी सतत थोडं थोडं आंबट होत असतं आणि क्षार ते सावरून धरतात. क्षारच नसतील तर पीएच घसरत जातो. तो सहाच्या आसपास आला की फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू कामच थांबवतात आणि अमोनिया तसाच साचतो. आंबट पाण्यात तो फारसा विषारी नसतो, म्हणून प्राणी मरत नाही, नुसता मलूल होतो आणि खात नाही. घरातले म्हणतात, वय झालं.

आता यातली खरी मेख. कुणीतरी सांगतं की पीएच वाढवा, तुम्ही सोडा टाकता, आणि साचलेला सौम्य अमोनिया तासाभरात जहाल होतो. प्राणी रात्रीत जातो. म्हणून आधी अमोनिया काढायचा. रोज पाव टाकी पाणी बदलायचं, मोजणीत अमोनिया शून्यावर येईपर्यंत. मगच पीएचला हात लावायचा, तोही हळूहळू.

त्यासाठी बाजारातून काही आणायला नको. तिसऱ्यांची कालवणातली रिकामी शिंपलं घ्या, मांस-मसाल्याचा कणही राहणार नाही अशी उकळून घासून धुवा, उन्हात कडक वाळवा आणि जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा. ती चुन्याची असतात. पाणी आंबट झालं की विरघळतात, नाहीतर गप्प बसतात. शिंपलं टाकीच्या तळाला मात्र पसरू नका, तो गिळेल. पीएच साडेसहाच्या वर, शक्यतो साडेसातच्या जवळ असावा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत.

खाडीकाठच्या विहिरींची अडचण उलटी. एप्रिलपासून पाणी मचूळ व्हायला लागतं. जिभेला खारट लागलं तर ते टाकीत नको, शेजारच्या वाडीतून आणा.

पावसाळा सुरू झाला, उकाडा गेला, तरी खात नाही.

ग्रामपंचायतीने विहिरीत किंवा टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली का ते विचारा. माणसांसाठी ती हवीच, पण क्लोरीनने ॲक्सोलॉटलचे कल्ले आणि त्वचा भाजते. पाण्याला ब्लीचिंगचा वास येत असेल तर क्लोरीन मारणारं औषध घालूनच ते वापरा. ते नसेल तर पसरट भांड्यात हवेचा पंप लावून एक दिवस पाणी ठेवा.

झडप घालतो, पण नेम चुकतो. गांडूळ शेजारी असतं आणि हा भलतीकडे तोंड उघडतो.

हे खरं म्हातारपण, आणि यावर इलाज सोपा आहे.

ॲक्सोलॉटल चावून खात नाही. नळीने सरबत ओढावं तसा तो पाण्यासकट घास ओढतो. गळ्याचा तळ झटक्यात खाली पडतो, तोंडात पोकळी होते आणि समोरचं सगळं आत जातं. बारीक दात आहेत, ते फक्त पकडून ठेवायला. नजर मुळातच अधू. वास आणि अंगावरच्या संवेदनांनी कळणारी पाण्याची हालचाल, यांवर तो जगतो. वय झालं की डोळ्यात कधी पांढुरका ठिपका धरतो, ओढ कमी पडते, आणि घास ओठापासून बोटभर लांब असला तर तो पोचतच नाही.

तेव्हा त्याचं काम आपण अर्धं करायचं. संध्याकाळी, खोलीतला दिवा मंद करून. पंधरा मिनिटं फिल्टर बंद, म्हणजे पाणी स्थिर राहतं आणि वास एका जागी टिकतो. गांडुळाचा तुकडा बोथट प्लास्टिकच्या लांब चिमट्यात धरा आणि त्याच्या तोंडाच्या कोपऱ्याजवळ, अगदी लागेल न लागेल असा आणा. नाकासमोर नाचवू नका. म्हाताऱ्याला नाचरा घास सापडत नाही, आणि वरून येणारी सावली बघून तो मागे सरतो. धरून ठेवा. आधी काहीच होत नाही. मग कल्ले एकदा मागे झटकले जातात, डोकं इंचभर वळतं, पुढचा एक पाय टेकल्या जागेवरून उचलला जातो आणि तसाच अधांतरी राहतो. तो पाय उचलला की चिमटा हलवायचा नाही, श्वाससुद्धा काचेवर सोडायचा नाही. टप् असा आवाज येतो आणि चिमटा हलका होतो. एवढ्याला कधी पाच मिनिटं लागतात. घाई असेल तर त्या दिवशी खायला घालू नका.

घास त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको. आणि जागा तीच ठेवा. टाकीच्या एका कोपऱ्यात काचेची बशी ठेवून दर वेळी तिच्यावरच खाऊ दिला की नजर गेलेला प्राणीही तिथे येऊन बसायला शिकतो.

तोंडात घेतो आणि थुंकतो. परत घेतो, परत थुंकतो.

गांडूळ कुठलं आहे? गांडूळखताच्या वाफ्यात बहुधा दोन जाती असतात. लहान, लालसर, अंगावर पट्टे असलेली आयसेनिया फेटिडा डिवचली की पिवळट कडू द्रव सोडते. तरुण भुकेला ॲक्सोलॉटल ती गिळतो, म्हातारा नाही. दुसरी युड्रिलस युजेनी, तिला शेतकरी आफ्रिकन गांडूळ म्हणतात. ती मोठी, जांभळट, आणि बहुतेक ॲक्सोलॉटल तिला नाही म्हणत नाहीत. वाफा घालणाऱ्याकडे नाव घेऊन मागा. लालच मिळत असतील तर गरम पाण्यात दोन-तीन सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात टाका, कडूपणा बराच उतरतो.

गांडूळ बरोबर असूनही थुंकत असेल तर घास मोठा असेल किंवा तोंडात जखम असेल. तोंड उघडायच्या क्षणी मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि थांबवून बघा. आत लाल चट्टा, सूज किंवा पांढरा थर दिसला तर ते डॉक्टरचं काम.

परसातली गांडुळं फुकट मिळतात. ती का नकोत?

हवीत की, त्यांच्याइतकं चांगलं अन्न नाही. पण कोकणातलं परस आता पूर्वीचं राहिलेलं नाही.

हापूसच्या कलमाखालची गांडुळं कधीच नको. जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती कल्टार (मोहोर यावा म्हणून घालायचं रसायन) ओततात, ते मातीत टिकून राहतं. मोहोरापासून फळ तयार होईपर्यंत फवारण्या चालू असतात आणि पानांवरून ठिबकलेलं सगळं शेवटी जमिनीतच जातं. तुमची कलमं नसली तरी शेजाऱ्याची असतील, आणि उतार तुमच्याकडे असेल. काजूच्या बागेत तणनाशक मारलं असेल तर तीही वगळा.

माडाच्या नाहीतर पोफळीच्या आळ्यात बारमाही ओल, म्हणून तिथे मे महिन्यातही गांडुळं सापडतात. पण आळ्यात मोरीचं पाणी सोडलंय का? आंघोळीचा साबण, कपड्यांची पावडर, फिनेल, सगळं तिथेच मुरतं. विहिरीच्या पाण्यावरचं आळं असेल तर खुशाल घ्या.

शेणाच्या ढिगातली घ्यायची तर गुराला जंताचं औषध कधी दिलं ते आधी विचारा. त्यातली काही औषधं शेणातून बाहेर पडतात आणि तिथल्या किड्यांवर काम करत राहतात.

सगळ्यात बरं म्हणजे पावसाळ्यात खात्रीच्या जागेची गांडुळं जमवून घरीच एक टब सुरू करणं. झाकणाला भोकं पाडलेला टब, सोडण (नारळाची) कुस्करून, पालापाचोळा, भाजीची देठं. सावलीत ठेवा आणि मुंग्यांसाठी खाली पाण्याची परात. बाहेरून आणलेली गांडुळं दोन आठवडे त्यात काढली की मगच ॲक्सोलॉटलला द्यायची.

घरात रोज मासळी येते. कोळंबी, जवळा, तारली चालेल?

कोळंबी ताजी, सोललेली, काळा दोरा काढलेली, दोन-तीन पाण्यांतून धुतलेली आणि बारीक चिरलेली, अधूनमधून तोंडाला चव म्हणून चालेल. रोजचं जेवण म्हणून नाही. सुका जवळा, सोडे आणि मीठ लावलेलं काहीही नको. तारली-बांगडा तेलकट, पाणी घाण करतो. जिवंत छोटे मासे सोडायची टूम निघते मधूनमधून. गोल्डफिशमध्ये थायामिनेज असतं, ते ब जीवनसत्त्वातलं थायामिन तोडतं, शिवाय मासे परजीवी घेऊन येतात. आणि म्हाताऱ्याच्या हाती मासा लागत नाही. उलट मासेच त्याचे कल्ले कुरतडतात.

वर्षानुवर्षं पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) खात होता, अचानक सोडले.

डबा हुंगा. कोकणातल्या दमट हवेत उघडा डबा महिन्या-दोन महिन्यांत खवट होतो. लहान पाकीट घ्या, हवाबंद बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. ताजे असूनही नको म्हणत असेल तर टाकीच्या पाण्यात मिनिटभर मऊ करून चिमट्याने द्या.

पोट फुगलंय आणि वर तरंगतो. खाणं तर बंदच.

दोन वेगळ्या गोष्टी असतात. पोटात वारा किंवा बद्धकोष्ठ झालं तर तो तरंगतो, पण खाली जायची धडपड करतो, आणि विष्ठा झाली की मोकळा होतो. पाणी १६-१७ अंशांवर आणा, पाण्याची पातळी कमी करा म्हणजे त्याला तळ गाठता येईल, आणि खाणं बंद ठेवा.

दुसरं म्हणजे अंगात पाणी साठणं. पोट सगळ्या बाजूंनी ताणतं, त्वचा चकाकते, कधी पायही सुजतात. मूत्रपिंड, यकृत, हृदय, जंतुसंसर्ग किंवा गाठ, कारण काहीही असू शकतं, आणि उतारवयात हे जास्त दिसतं. घरी उपाय नाही.

टाकीच्या तळाला बारीक खडी आहे का? मग एक्स-रे काढायला सांगा. घास ओढताना खडे आत जातात आणि आतड्यात अडकतात. खडी आजच काढून टाका. उघडी काच बरी, किंवा त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत गोटे.

मादी आहे. थंडीत खाणं कमी करते.

पाणी गार झालं की मादी अंडी धरते, नर सोबत नसला तरी. त्या काळात भूक कमी-जास्त होते. अंडी घातली नाहीत आणि पोट आठवड्यांमागून आठवडे तसंच राहिलं, तर दाखवा. दापोलीसारख्या ठिकाणी जानेवारीत रात्री बऱ्याच थंड असतात. पाणी १२-१३ अंशांवर गेलं तर नर काय आणि मादी काय, सगळेच हात आखडता घेतात. हीटर लावायची गरज नाही, टाकी खिडकीपासून हलवा.

तोंड उघडून भरवू का? कुणी म्हणतं फ्रिजमध्ये ठेवा.

दोन्ही नको. जबड्याला जोर लावलात तर इजा होते आणि घास श्वासाच्या वाटेत जाऊ शकतो. नळीने पातळ अन्न देता येतं, पण ते डॉक्टरने द्यायचं किंवा तुमच्याकडून समोर करून घ्यायचं. फ्रिजच्या ५-८ अंशांत ठेवायची पद्धत पाळणाऱ्यांत फार जुनी आहे. आतड्यात काही अडकलेल्या तरुण प्राण्याला तिचा फायदा झाल्याचं लोक सांगतात, पण थकलेल्या म्हाताऱ्याची पचनशक्ती आणि रोगाशी लढायची ताकद त्यात आणखी मंदावते. मी तरी कुणाला तो सल्ला देणार नाही.

मिठाच्या पाण्याचंही तसंच. कल्ल्यावर बुरशी दिसली तर डॉक्टरला विचारूनच एक लिटर गार पाण्यात दोन-तीन छोटे चमचे आयोडीन नसलेलं साधं मीठ, दहा मिनिटं, समोर बसून. भूक वाढवायला मिठाचा काही उपयोग नाही. दुकानातली तांबं किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली माशांची औषधं टाकीत घालू नका.

इथे डॉक्टर कुठे मिळणार?

तालुक्याचे पशुवैद्यक गाई-म्हशी-शेळ्यांचे जाणकार असतात. उभयचर त्यांच्यासमोर क्वचितच येतो. तरी आधी त्यांनाच फोन करा, एक्स-रेची सोय आणि पुढचा पत्ता त्यांच्याकडून कळतो. वेगळे प्राणी बघणारे डॉक्टर मुंबईत आणि पुण्यात मिळतात. निघण्याआधी फोनवर 'उभयचर बघता का?' हे स्पष्ट विचारा. 'सगळे बघतो' हे उत्तर पुरेसं नाही.

नेताना आदल्या दोन दिवसांत खायला घालायचं नाही, नाहीतर वाटेत तो त्याच पाण्यात घाण करतो. झाकणाचा डबा, त्यात अंग बुडेल इतकं टाकीचं पाणी आणि वर भरपूर हवा, डबा थर्माकोलच्या पेटीत, बाजूला कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली. रात्री निघा. सोबत पाण्याच्या मोजणीचे आकडे, वजनाची नोंद आणि खाण्याचा व्हिडिओ.

सगळं करूनही तो सुकतच चालला असेल तर डॉक्टरशी वेदनारहित मरणाबद्दल बोला. फ्रीझरमध्ये ठेवून मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो त्रासाचा मृत्यू आहे.

नोंदणीचं काय ऐकतोय?

बरोबर ऐकताय. ॲक्सोलॉटल साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतले प्राणी आपल्या वन्यजीव कायद्याखाली आले. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते, आणि तो मेला तरी कळवायचं असतं. नोंदणी राहिली म्हणून आजारी प्राण्याला डॉक्टरकडे न्यायला कचरू नका, पण ते काम उरकून टाका.

बाबा म्हणतात, आता खातच नाही तर विहिरीत सोड. गप्पी माशांसारखा राहील, डासांच्या अळ्याही खाईल.

नाही राहणार. आपल्या विहिरीचं पाणी हाताला गार लागलं तरी बारा महिने २६-२७ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे वर मे महिन्याबद्दल जे सांगितलं तेच हाल, फक्त कुणाला न दिसता. जो चिमट्यातला घास पकडू शकत नाही, तो अळ्या कुठून पकडणार? ओढ्यात सोडलात तर त्याच्या अंगावरचे रोग आपल्याकडच्या बेडकांना लागू शकतात. आणि विहीर पिण्याच्या पाण्याची असेल तर ग्रामपंचायत तिच्यात टीसीएल टाकणारच आहे.